फक्त मुरगळलाय

माझ्या उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दोन इंचांचा एक व्रण आहे. हाडाच्या टोकाला वळसा घालून गेलेला, अजून थोडा गुलाबी. लोक विचारतात, ॲक्सिडेंट झाला होता का? मी सांगतो, नाही, पाय मुरगळला होता. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठरलेला भाव येतो. मुरगळलेल्या पायाचं ऑपरेशन? ‘अरे, आमच्या इथे एक माणूस आहे. पाय असा धरतो आणि असा ओढतो, दोन मिनिटांत सगळं जागेवर. उगाच कापून घेतलंस.’ हे मला माझ्या सख्ख्या मामाने सांगितलं. ऑपरेशननंतरच्या नवव्या दिवशी, माझा पाय दोन उशांवर ठेवलेला असताना.

हा लेख मामासाठी आहे. मामासारखंच बोलणाऱ्या डॉक्टरांसाठी, टर्फवरच्या कोचसाठी, ‘दोन दिवसांत येशील ना?’ विचारणाऱ्या मॅनेजरसाठी आहे. आणि सगळ्यात आधी माझ्यासाठी आहे, कारण सात वर्षं मीही हेच बोलत होतो.

काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. घोटा पुन्हा पुन्हा मुरगळत असेल तर ती किरकोळ गोष्ट नाही. तो बरा न झालेल्या दुखापतीचा पुरावा आहे. तिच्यावर उपाय आहे, बहुतेकांच्या बाबतीत तो स्वस्त आहे आणि त्यात चाकू लागत नाही. तो उपाय वेळेवर कुणी सांगत नाही, सांगितला तर कुणी करत नाही आणि करायचा म्हटला तर त्याचे पैसे कुणी देत नाही. मग माझ्यासारख्या काहींना ऑपरेशन टेबलवर झोपावं लागतं. ज्यांना तेही परवडत नाही, ते आयुष्यभर पाय जपत चालतात आणि त्याला नशीब म्हणतात.

पहिल्यांदा पाय मुरगळला तो २०१७ साली. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. विरार पूर्वेला एका टर्फवर रात्री अकराचा स्लॉट होता, कारण तो स्वस्त पडायचा. कॅच घ्यायला उडी मारली, खाली आलो तो दुसऱ्याच्या बुटावर. पाऊल आत वळलं आणि ‘कट्’ असा आवाज आला. तो आवाज मला ऐकू आला म्हणण्यापेक्षा नडगीतून वर जाणवला. दहा मिनिटांत घोट्यावर कोंबडीचं अंडं ठेवावं तशी सूज आली. मित्र म्हणाले, ‘चालून दाखव.’ मी चार पावलं चाललो. सगळे म्हणाले, ‘बघ, चालतोय म्हणजे फ्रॅक्चर नाही.’

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरला आणि म्हणाले, ‘फ्रॅक्चर नाही. फक्त मुरगळलाय.’ क्रेप बँडेज, गोळ्या, बर्फ, दहा दिवस आराम. घरी आईने आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लावला. चौथ्या दिवशी वडिलांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी तेल लावून पाय असा काही चोळला, की मी उशीत तोंड खुपसून ओरडलो. बाराव्या दिवशी मी लोकलला लटकून कॉलेजला गेलो. सूज उतरली होती, दुखणं थांबलं होतं. सगळ्यांच्या लेखी केस बंद झाली होती.

सॉफ्टवेअरमध्ये याला टिकेट क्लोज करणं म्हणतात. बग तसाच असतो, फक्त तक्रार यायची थांबलेली असते.

आत काय झालं होतं, ते मला सात वर्षांनी कळलं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट्स असतात. लिगामेंट म्हणजे दोन हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा. त्यांतला पुढचा पट्टा, अँटिरियर टॅलोफिब्युलर नावाचा, सगळ्यात कमजोर असतो आणि पाऊल आत वळलं की बहुतेक वेळा आधी तोच जातो. कधी फक्त ताणला जातो, कधी अर्धा फाटतो, कधी पूर्ण तुटतो. आपण मात्र तिन्ही गोष्टींना मुरगळला म्हणतो. फार तर लचकला, किंवा पाय वाकडा पडला. मराठीत शेतीचे, मासळीचे, नात्यांचे बारीकसारीक शब्द आहेत, पण घोट्यातला पट्टा फाटला तर त्यासाठी आपल्याकडे वेगळा शब्द नाही. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं की लोक फळं घेऊन भेटायला येतात. घोट्याचं फाटलं की विचारतात, ‘अजून बरा नाही झाला?’

तो पट्टा नुसता दोरीसारखा नसतो. त्यात नसांची टोकं असतात. पाऊल कुठल्या कोनात आहे, जमीन तिरकी आहे की सपाट, हे ती टोकं सतत वर कळवत असतात. त्या निरोपावर पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू पाय सावरतात, आपल्याला काही समजायच्या आत. पट्टा फाटला की हे निरोप बिघडतात. लंडनमधल्या एम. ए. आर. फ्रीमन या शल्यचिकित्सकाने १९६५ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर हे मांडलं होतं. मुरगळल्यानंतर पाय दगा देतो तो फक्त पट्टा सैल पडल्यामुळे नाही, हे निरोप बिघडल्यामुळेही देतो. आणि डगमगत्या फळीवर तोल सावरण्याचे व्यायाम केले तर हा त्रास कमी होतो. ही गोष्ट साठ वर्षं जुनी आहे. तिला लागते एक लाकडी फळी आणि रोजची दहा-पंधरा मिनिटं.

२०१७ साली मला ती कुणीही सांगितली नाही.

इथे माझा पहिला आरोप एक्स-रेवर आहे. एक्स-रे यंत्राचा त्यात दोष नाही. एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही. तो नक्की कधी काढायचा याचेही नियम आहेत. कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली ते तयार झाले आणि जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर, मागच्या कडेला आणि टोकाला दाबल्यावर दुखतंय का, चार पावलं टाकता येतात का, असे साधे प्रश्न. हे नियम हाड मोडलंय का एवढंच ठरवतात. म्हणजे एक्स-रे नॉर्मल आला तर एका प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुसरा प्रश्न, पट्ट्याचं काय झालं, तो तेव्हा सुरू व्हायला हवा. आपल्याकडे तिथेच तपासणी संपते. ‘फ्रॅक्चर नाही’ या वाक्यानंतर पूर्णविराम येतो आणि पेशंट आनंदाने घरी जातो. मीही गेलो होतो.

दुसरा आरोप चोळण्यावर. लेपाशी माझं भांडण नाही. आईचा हात आणि आंबेहळदीचा वास यांनी बरं वाटतं, ते मी नाकारणार नाही. पण ताज्या फाटलेल्या पट्ट्यावर तेल लावून जोर काढणं, पाय ‘बसवायला’ झटका देणं, यात बसवण्यासारखं काही नसतं. काही निसटलेलंच नसतं. आणि समजा खरोखरच सांधा निखळला असेल किंवा हाड मोडलं असेल, तर तो झटका आणखी वाईट. मामाचा तो माणूस यशस्वी वाटतो याचं कारण साधं आहे. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक घोट्यांची सूज आणि दुखणं तसंही उतरतं. श्रेय शेवटी ज्याने हात लावला त्याला जातं.

तिसरा आरोप आरामावर. बर्फ, पट्टी, पाय वर, पूर्ण विश्रांती, हा मंत्र अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली लोकप्रिय केला. पुढे त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. बर्फाने दुखणं कमी होतं, पण बरं होणं लांबू शकतं, असं त्यांनी लिहिलं. आज सांगितलं जातं ते असं: सुरुवातीचे काही दिवस जपा, मग झेपेल तेवढं वजन टाका, घोटा हलवा, ताकद वाढवा, तोल शिकवा. आपल्याकडे मात्र आराम आणि क्रिकेट यांच्यामध्ये काहीच नसतं. एक दिवस पट्टी निघते आणि दुसऱ्या दिवशी माणूस विरार फास्टमध्ये चढतो.

मग व्हायचं तेच झालं. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात एका उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय पडला. पुन्हा तीच सूज, तीच पट्टी.

त्याच वर्षी, ३० नोव्हेंबरला, आमच्या विरारच्या आणखी एकाचा घोटा मुरगळला. पृथ्वी शॉ. राजकोटला पदार्पणाच्या कसोटीत शतक ठोकून दोन महिनेही झाले नव्हते. सिडनीला सराव सामन्यात सीमारेषेजवळ कॅच घेताना त्याचा पाय वाकडा पडला. आम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ लोकलमध्ये उभ्या उभ्या पाहिला. विरारमधला प्रत्येक मुलगा तेव्हा त्याच्याबद्दल घरच्यासारखं बोलायचा. हाच मुलगा किट घेऊन आपल्याच गाडीने वांद्र्याला प्रॅक्टिसला जायचा, हे सांगताना लोकांचा आवाज बदलायचा.

त्याच्या घोट्याचं काय झालं ते बघा. दोन माणसांनी त्याला उचलून बाहेर नेलं. त्याच दिवशी स्कॅन झाला. घोट्याच्या बाहेरच्या लिगामेंटला इजा, असं जाहीर झालं. ॲडलेडची कसोटी गेली. पुढच्या सामन्यांपर्यंत बरा होईल अशी आशा होती, पण पाय तयार नव्हता, म्हणून १७ डिसेंबरला त्याला उरलेल्या मालिकेतूनच बाहेर काढलं. एकोणीस वर्षांचा, नुकतंच शतक केलेला सलामीवीर, ऑस्ट्रेलियाचा दौरा, आणि तरी कुणी म्हणालं नाही की पट्टी बांध आणि उतर.

पाच वर्षांनी पुण्याच्या गहुंजे मैदानावर पुन्हा तेच दिसलं. १९ ऑक्टोबर २०२३, वर्ल्ड कपचा बांगलादेशविरुद्धचा सामना. स्वतःच्याच गोलंदाजीवर पायाने चेंडू अडवताना हार्दिक पंड्याचा घोटा दुमडला. तो त्या वर्ल्ड कपमध्ये पुन्हा खेळला नाही. संघाला त्याची किती गरज होती, हे त्या महिन्यात पानवाल्यालाही माहीत होतं. तरी थांबले.

लोक म्हणतील, ते कोट्यवधींचे पाय आहेत, तुझ्या पायाची आणि त्यांच्या पायाची काय बरोबरी? मान्य. मी एमआरआय त्याच संध्याकाळी मागत नाहीये. पण लिगामेंट तेच आहे. शरीराला पगार कळत नाही. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, त्यातला बराचसा भाग उभ्याने, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत, गर्दीत जागा मिळेल तिथे पाऊल तिरकं टेकवत जाणाऱ्या माणसाच्या घोट्यावर रोज किती ताण येतो, याचा विचार सलामीवीराच्या घोट्याइतका कुणी करत नाही, एवढंच माझं म्हणणं.

त्यानंतर मी मोजणं सोडलं होतं. पुढे डॉक्टरांनी विचारलं म्हणून आठवत गेलो. जीवदानीच्या पायऱ्या उतरताना एकदा. तुंगारेश्वरच्या ओढ्यातल्या दगडांवर एकदा. लॉकडाऊनमध्ये घरातल्या सपाट फरशीवर, वाजणारा फोन घ्यायला उठताना. त्या वेळी मी खरा घाबरलो. दगडावर पाय मुरगळला तर दगडाला शिव्या देता येतात. फरशीला काय देणार? २०२३ संपेपर्यंत आकडा सातवर गेला होता. मी क्रिकेट सोडलं होतं. दर डिसेंबरला वसई-विरारची मॅरेथॉन रस्त्यावरून जाताना गॅलरीतून बघत होतो. जिना उतरताना नकळत कठडा धरत होतो. वय सव्वीस.

२०२४च्या सुरुवातीला एका दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी दोन्ही पाय हातात घेतले. एका हाताने नडगी धरली, दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढली. डावा पाय जागेवर थांबला. उजवा पुढे सरकला, ड्रॉवर उघडावा तसा. या तपासणीचं नावच ड्रॉवर टेस्ट आहे. तिला एक मिनिटही लागलं नाही, यंत्र लागलं नाही. सात वर्षांत ती एकदाही झाली नव्हती. मग एमआरआयने शिक्कामोर्तब केलं: पुढचा पट्टा जवळजवळ नाहीसा, मधला सैल.

मी म्हणालो, ‘करून टाकू ऑपरेशन.’ ते म्हणाले, ‘आधी चार महिने फिजिओथेरपी. खरी. त्यानंतर बोलू.’

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण या लेखावरून कुणी उद्या ऑपरेशनची तारीख घ्यायला जाऊ नये. ‘लिगामेंट फाटलंय, लगेच शिवून टाकू’ म्हणणाराही मामाच आहे, फक्त त्याच्या हातात तेलाऐवजी चाकू आहे. घोटा मुरगळलेल्या बहुतेक लोकांना ऑपरेशन लागत नाही. काही महिने नीट व्यायाम करूनही पाय दगा देत राहिला आणि तपासणीत पट्टा खरोखर सैल निघाला, तर ऑपरेशनचा विचार होतो. मी चार महिने रबर बँड ओढले, एका पायावर उभा राहिलो, डगमगत्या फळीवर भिंत धरून आणि मग सोडून. खूप फरक पडला. पण जिन्यावर आणि उतारावर पाय अजून निसटत होता. डॉक्टर म्हणाले, ‘हेच सात वर्षांपूर्वी केलं असतंस, तर बहुधा आज इथे नसतास.’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

नोव्हेंबर २०२४मध्ये ऑपरेशन झालं. त्याची मूळ पद्धत स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली मांडली. तुटलेला पट्टा कितीही जुना झाला तरी त्याचे अवशेष बहुधा उरलेले असतात. तेच ओढून, ताठ करून पुन्हा हाडाला शिवायचे. १९८० साली नॅथनियल गूल्ड यांनी त्यात भर घातली: शेजारचा एक मजबूत पडदा वरून ओढून त्या शिवणीला आधार द्यायचा. आजही बहुतेक ठिकाणी याच पद्धतीची सुधारलेली रूपं वापरतात. हाडात छोटे अँकर बसवतात, त्यांना धागे असतात. कमरेत इंजेक्शन, पाय बधिर, मी जागा. हिरव्या पडद्यापलीकडे माझ्याच पायाला ड्रिल लागत होतं आणि मी छतावरच्या टाइल्स मोजत होतो.

ऑपरेशन तासाभराचं, त्याची वसुली पाच महिन्यांची. दोन आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. मग बूट, कुबड्या, हळूहळू वजन. सहा आठवड्यांनी बूट सुटला तेव्हा पोटरी निम्मी झाल्यासारखी दिसत होती. त्यानंतर पुन्हा तीच फळी, तेच रबर बँड. म्हणजे ज्या व्यायामापासून सात वर्षं वाचलो, तो ऑपरेशननंतरही करावाच लागला. साडेतीन महिन्यांनी मी पहिल्यांदा धावलो. सुरुची बागेच्या किनाऱ्याला, ओहोटीच्या घट्ट वाळूवर, शंभर-दीडशे मीटर. पुढे आई उभी होती. ती म्हणाली, ‘बस झालं हं आता.’

आता पैशांकडे येतो, कारण खरा राग तिथे आहे.

माझ्या ऑपरेशनचा खर्च पावणेदोन लाखांच्या घरात गेला. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमने तो दिला, कॅशलेस, चोवीस तासांत मंजूर. ऑपरेशननंतरच्या साठ दिवसांची फिजिओथेरपीही दिली. पण त्याआधीच्या चार महिन्यांची? एका सेशनला ६०० रुपये, आठवड्याला तीन, साधारण तीस हजार रुपये खिशातून गेले. ॲडमिट होण्याआधीचे तीस दिवस तेवढे पॉलिसीत बसतात. त्याच्या मागचं सगळं ओपीडी. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिस्या अशाच असतात: रात्रभर बेडवर झोपलात तर पैसे, चालत येऊन चालत गेलात तर नाही. याचा सरळ अर्थ असा, की ऑपरेशन टाळणारा उपाय स्वतःच्या पैशाने करायचा आणि तो परवडला नाही म्हणून ऑपरेशनची वेळ आली, की त्याच्या कितीतरी पट रक्कम कंपनी आनंदाने भरणार. मी कोड लिहितो. असं लॉजिक कुणी रिव्ह्यूला पाठवलं असतं, तर मी ते परत पाठवलं असतं.

आणि मी तर यातला नशीबवान. मला सहा आठवडे वर्क फ्रॉम होम मिळालं. पाय उशीवर, लॅपटॉप मांडीवर.

आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर एक मावशी भाजी विकायला बसतात. पश्चिमेकडच्या वाड्यांमधून पहाटे माल घेऊन येतात, डोक्यावर पाटी, रिक्षा ते कोपरा चालत. मी कुबड्यांवर खाली उतरलो तेव्हा त्यांनी आधी माझा पाय बघितला आणि मग लुगडं जरा वर करून स्वतःचा दाखवला. डाव्या घोट्याला बाहेरच्या बाजूला कायमची जाडसर सूज. ‘माझा पण असाच पडतो रे बाळा. पंधरा वर्षं झाली.’ मी विचारलं, ‘डॉक्टरांना दाखवला?’ ‘दाखवला ना. फोटो काढला. हाड नाही मोडलेलं म्हणाले.’

पंधरा वर्षं. पाटीखाली. ज्या घोट्याचा पट्टा सैल आहे, त्यात प्रत्येक वेळी हाड हाडावर थोडं चुकीचं घासतं. गुडघा आणि खुबा वयानेच झिजू शकतात. घोट्याची झीज मात्र बहुतेक वेळा जुन्या दुखापतीतून येते. मावशींना सहा आठवडे कुणी देणार नाही. ६०० रुपयांचं सेशन म्हणजे त्यांचा एखाद्या दिवसाचा नफा. त्यांना ऑपरेशन सुचवणारा मी कोण? पण पंधरा वर्षांपूर्वी त्या फोटोनंतर कुणीतरी दोन मिनिटं देऊन चार व्यायाम दाखवले असते, तर त्याला काहीच खर्च नव्हता.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. लोक खड्ड्यांत पडून मरतायत, गाडीतून पडतायत आणि तू घोट्याचं रडगाणं गातोयस? हा आक्षेप मला पटत नाही, कारण मोडणारी गोष्ट आणि मारणारी गोष्ट एकाच रस्त्यावर असतात. मुंबई उच्च न्यायालयाने चांगले रस्ते हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आहे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं: खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख रुपये, जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख. फार मोठी गोष्ट आहे. पण आता विचार करा. मावशी उद्या खड्ड्यात पाय पडून दुखापत झाली म्हणून दाद मागायला गेल्या, तर हातात कागद कुठला? एक्स-रे नॉर्मल. निदान: मुरगळला. ज्या दुखापतीला दवाखान्यातच दुखापत म्हणत नाहीत, तिची भरपाई कुठला अधिकारी देईल? नाव नसलं की हक्कही नसतो. म्हणून मी शब्दांवरून भांडतोय.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. घोटा मुरगळलेल्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर ‘फ्रॅक्चर नाही’च्या खाली आणखी एक ओळ असावी: कुठल्या लिगामेंटला इजा वाटते, किती, आणि सूज उतरल्यावर पुन्हा कधी यायचं. महापालिकेच्या दवाखान्यांत फिजिओथेरपिस्ट असावेत, आणि ते फक्त पक्षाघाताच्या पेशंटपुरते नसावेत. मेडिक्लेमने ऑपरेशन टाळणाऱ्या फिजिओथेरपीचे पैसे द्यावेत. हिशोबाने बघितलं तरी त्यात त्यांचाच फायदा आहे. तासाला हजार-दीड हजार घेणाऱ्या टर्फवाल्यांनी कोपऱ्यात एक डगमगती फळी ठेवावी आणि भिंतीवर चार व्यायामांची चित्रं लावावीत. आपल्याकडे टर्फ उगवतायत कुत्र्याच्या छत्रीसारखे, पण तिथे प्रथमोपचार म्हणजे फ्रीजमधली थंड बाटली.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय, बहुतेक गाडीत. एक करून बघा. आता नको, घरी गेल्यावर. दात घासताना एका पायावर उभे राहा. मग दुसऱ्या. कधीकाळी मुरगळलेल्या पायावर तुम्ही जास्त डोलताय असं दिसलं, तर ती केस अजून बंद झालेली नाही. फिजिओथेरपिस्टकडे जा. दुसऱ्यांदा मुरगळण्याची वाट बघू नका. मी सात वेळा बघितली.

मावशींना मी तो व्यायाम गेल्या महिन्यात दाखवला, त्यांच्याच भाजीच्या गोणीशेजारी, भिंतीला हात लावून. त्यांनी दोनदा करून बघितला, तिसऱ्यांदा हसायला लागल्या. म्हणाल्या, ‘दादरला जायची तेव्हा रोज पहाटे गाडीत एकाच पायावर उभी असायची मी. दुसरा टेकायला जागाच नसायची. तेव्हा कसा नाही सुधारला?’

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो, तेव्हा त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. एक पाय किंचित उचललेला होता.